अर्धवेळ पोस्टडॉक आणि दगडी बांधकामाचं कॉम्प्युटेशनल डिझाईन: जमवायचं कसं

आधीच सांगून टाकतो, अर्धवेळ पोस्टडॉक (पीएचडीनंतरची ठराविक मुदतीची संशोधनाची नोकरी) म्हणजे पूर्णवेळ पोस्टडॉक निम्म्या स्पीडने चालवायचा असं समजून जो आत शिरतो तो सहा महिन्यांत दमतो. मीही तसाच शिरलो होतो. अडीच दिवस युनिव्हर्सिटी, अडीच दिवस एका स्ट्रक्चरल ऑफिसात नोकरी, आणि प्रपोजलमध्ये लिहिलेलं काय तर फॉर्म, म्हणजे बांधकामाचा आकार, शोधण्यापासून दगड कापून उभा करेपर्यंत सगळं. वेळ निम्मा असेल तर प्रश्न लहान घ्यायचा, अख्खा घुमट नाही, त्यातला एक सांधा, हे कळायला मला जवळजवळ वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

हिशोब अगदी साधा आहे पण कोणी करत नाही. आठवड्याला २० तास, वर्षाला ४६ आठवडे, म्हणजे ९२० तास. त्यातून ग्रुप मीटिंग, ईमेल, विद्यार्थ्यांचे प्रश्न, ट्रेनिंगचे फॉर्म, कॉन्फरन्सची तयारी काढा, आणि ही कामं वेळ अर्धा आहे म्हणून अर्धी होत नाहीत बरं का, मीटिंग तेवढीच लांब असते. माझ्याकडे खऱ्या कामाला वर्षाला साडेपाचशे तास उरायचे. आधी हा आकडा कागदावर लिहा आणि मग विषय निवडा.

विषय कुठला घ्यायचा

या क्षेत्रात ढोबळपणे तीन तऱ्हेचं काम चालतं. एक, जुन्या इमारती तपासणं, म्हणजे चर्च, पूल, घुमट स्कॅन करून ते का उभे आहेत आणि कधी पडतील ते बघणं. दोन, नवीन फॉर्म शोधणं आणि तो दगडात कापणं. तीन, ओबडधोबड दगड, खाणीतला वाया जाणारा माल, पाडलेल्या इमारतींचे चिरे, हे स्कॅन करून कुठला कुठे बसेल ते कॉम्प्युटरला शोधायला लावणं. तिसऱ्यात सध्या खूप हालचाल आहे, झुरिकच्या ईटीएच युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी तर स्वतः चालणारा एक्स्कॅव्हेटर वापरून ६ मीटर उंच आणि ६५ मीटर लांब कोरडी दगडी भिंत रचली, प्रत्येक दगड मशीनने स्वतः स्कॅन करून जागा ठरवलेली. बघायला भारी, पण मागे केवढी टीम असते तेही बघा.

माझं मत विचाराल तर अर्धवेळाला पहिला प्रकार सगळ्यात सोयीचा, कारण इमारत कुठे पळून जात नाही, स्कॅन एकदा झाला की पॉइंट क्लाउड (स्कॅनमधून आलेले लाखो बिंदू) तुमच्या डिस्कवर, मंगळवारी उघडा नाहीतर गुरुवारी. दुसरा प्रकार सगळ्यात अवघड, कारण मशीनचा स्लॉट, दगडाची डिलिव्हरी, क्रेनवाला, हे तुमच्या अडीच दिवसांना विचारून येत नाहीत. तरी तोच करायचा असेल तर फॅब्रिकेशन दुसऱ्या कोणाकडे आहे असा प्रोजेक्ट शोधा आणि तुम्ही फक्त एक तुकडा पकडा, उदाहरणार्थ सांध्याचा कोन किती चुकला तर चालेल, किंवा सेंटरिंग (बांधताना खालून दिलेला तात्पुरता आधार) कमीत कमी लागावं म्हणून दगड कुठल्या क्रमाने लावायचे. असा एक प्रश्न दोन वर्षं पुरतो, खरंच पुरतो.

थिअरी किती यायला हवी

कमी, पण पक्की. आर्किटेक्चरकडून आलेल्यांना इथे भीती वाटते आणि सिव्हिलवाल्यांना फाजील आत्मविश्वास असतो, दुसरं जास्त धोक्याचं.

मुद्दा असा की दगडी बांधकाम बहुतेक वेळा ताकद कमी पडली म्हणून पडत नाही, आकार चुकला म्हणून पडतं. साध्या ग्रॅनाइटची दाब सोसायची ताकद १०० मेगापास्कल धरा, वजन घनमीटरला साधारण २६ किलोन्यूटन, म्हणजे स्वतःच्या वजनाने तळाशी चुरा व्हायला सरळ खांब पावणेचार किलोमीटरच्या वर उंच लागेल. एवढा उंच कोण बांधतोय? म्हणून इंजिनिअर जॅक हेमन यांनी १९६६ साली जी तीन गृहीतकं मांडली त्यावर आजही सगळे उभे आहेत: दगड दाबाने फुटत नाही असं धरा, सांध्याला ताण अजिबात सोसत नाही असं धरा, आणि दगड एकमेकांवरून घसरत नाहीत असं धरा. मग एकच शोधायचं, दाबरेषा (दाब दगडादगडातून ज्या वाटेने खाली जातो ती रेषा) कुठेतरी दगडाच्या जाडीच्या आत बसते का. एक जरी अशी रेषा सापडली तरी कमान त्या भाराला उभी राहू शकते. खरी रेषा कुठली ते कळायची गरजच नाही, आणि इथेच नवीन माणूस अडकतो कारण त्याला खरं उत्तर हवं असतं.

कल्पना मुळात जुनीच. लटकणारी साखळी उलटी केली की कमान होते हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७५ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यात लपवून ठेवलं होतं, आणि इटालियन गणितज्ञ पोलेनी यांनी १७४८ मध्ये रोमच्या सेंट पीटर्सच्या तडे गेलेल्या घुमटाचा अहवाल छापला त्यात त्यांनी ३२ वेगवेगळ्या वजनांची साखळी लटकवून घुमटाच्या एका फाकेची दाबरेषा काढून दाखवली. पुढे मॅक्सवेल, कुलमन यांनी हेच कागदावर रेघा मारून करायची रीत बसवली, ग्राफिक स्टॅटिक्स. आपण सॉफ्टवेअरमध्ये जे करतो ते बरंचसं हेच, फक्त तीन मितींत आणि झटपट. म्हणून एकदा तरी हाताने, पेन्सिलीने, सात दगडांच्या कमानीचा फोर्स पॉलिगॉन (फोर्स एकापुढे एक जोडून काढलेली आकृती) काढा. एक दुपार जाईल पण नंतर स्क्रीनवरचं डायग्राम खोटं बोलत असेल तर लगेच कळेल.

पहिल्या महिन्यात करायचं एकच काम

लिटरेचर रिव्ह्यू नंतर करा. आधी अर्धवर्तुळाकार कमानीचा सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) लिहा, पायथनमध्ये, शे-दीडशे ओळींत होतो. ठोकळे बनवा, प्रत्येक सांध्यावर दोन टोकांना दाबाचे फोर्स, ते ऋण होता कामा नयेत, शिवाय घर्षण, आणि हे सगळं लिनियर प्रोग्रॅमिंगला (दिलेल्या अटींत बसणारं सगळ्यात चांगलं उत्तर शोधायची गणिती रीत) द्यायचं. लिव्हस्ली यांनी १९७८ मध्ये असंच मांडलं होतं. मग जाडी कमी कमी करत जा आणि कमान कधी पडते ते बघा.

उत्तर आधीच माहीत आहे, हीच त्यातली मजा. अर्धवर्तुळाची कमान फक्त स्वतःच्या वजनाखाली उभी राहायला जाडी भागिले मधली त्रिज्या किमान ०.१०७५ लागते, म्हणजे १ मीटर त्रिज्येला १०७.५ मिलिमीटर. हा आकडा १९०७ मध्ये मिलांकोविच यांनी काढला, हो तेच, हिमयुगांच्या चक्रांमुळे ज्यांचं नाव माहीत असतं ते, मूळचे सिव्हिल इंजिनिअर. ठोकळे थोडे असतील तर तुमचा आकडा जरा वेगळा येईल कारण बिजागरी (सांधा एका कडेवर टेकून दुसऱ्या कडेला उघडतो ती जागा) फक्त सांध्यावरच उघडू शकते, पण ठोकळे वाढवत नेले की तो ०.१०७५ कडे सरकत गेला पाहिजे. माझा ०.१०६ वर येऊन अडकला होता आणि मी दोन आठवडे, म्हणजे माझे पाच दिवस, सॉल्व्हरच्या टॉलरन्सला शिव्या घालत बसलो. चूक भलतीकडेच होती, मी प्रत्येक ठोकळ्याचं वजन मधल्या रेषेवर ठेवलं होतं. पाचरीसारख्या ठोकळ्याचा गुरुत्वमध्य तिथे नसतो, तो थोडा बाहेरच्या बाजूला सरकलेला असतो. एवढ्याशा फरकाने तिसरा आकडा बदलतो. तर तुमचाही ०.१०६ आला तर आधी तिथे बघा.

हा छोटा प्रोग्रॅम पुढे सगळीकडे कामाला येतो. अर्जाबरोबर दाखवता येतो, नवीन सॉफ्टवेअर तपासायला वापरता येतो, आणि तीन आठवड्यांच्या गॅपनंतर परत बसलात की डोकं जाग्यावर आणायलाही उपयोगी पडतो.

सॉफ्टवेअर

जास्त गोळा करू नका. राइनो (थ्रीडी मॉडेलिंग) आणि त्यातलंच ग्रासहॉपर बहुतेक ग्रुपमध्ये असतातच. ईटीएचच्या ब्लॉक रिसर्च ग्रुपचं कॉम्पास हे पायथनमधलं ओपन सोर्स फ्रेमवर्क आहे, त्यात थ्रस्ट नेटवर्कवाली (दाबरेषांचं तीन मितींतलं जाळं काढणारी) पॅकेजेस आहेत, आणि राइनोमध्ये असे फॉर्म शोधणारं राइनोव्हॉल्ट त्यांचंच. ठोकळे सुटे सुटे धरून हलवून बघायचे असतील तर डिस्क्रीट एलिमेंट मेथड, कंडल यांनी १९७१ मध्ये खडकांसाठी काढलेली, त्यासाठी थ्रीडेक हे सॉफ्टवेअर वापरतात, पण ते लायसन्सचं काम, ग्रुपकडे आहे का ते आधी विचारा. पॉइंट क्लाउडला क्लाउडकम्पेअर, फुकट आणि चांगलं.

साध्या लिनियर एफईएमपासून (फायनाइट एलिमेंट मेथड, जी बांधकाम अखंड आणि ताण सोसणारं धरते) मात्र जपून. कमान टाकली की ते आतल्या बाजूला ताणाचा लाल पट्टा दाखवतं, मग माणूस घाबरून जाडी वाढवतो किंवा फॉर्मच बदलतो. दगडात तो ताण टिकतच नाही, सांधा केसभर उघडतो, आधार दोन-चार मिलिमीटर सरकतात आणि दाब दुसरीकडून वाट काढतो. तडा दिसला म्हणजे इमारत चालली असं नसतं, बहुतेक जुन्या कमानींना तडे असतातच.

घर्षणाचं एक सांगून ठेवतो. लिनियर प्रोग्रॅमिंगमध्ये घर्षण टाकलं की गणित गपचूप असं धरतं की घसरताना दगड थोडा वरही उचलला जातो, प्रत्यक्षात तसं होत नाही, त्यामुळे घसरून पडणाऱ्या रचनांसाठी उत्तर गरजेपेक्षा आशावादी येऊ शकतं. बिजागऱ्या उघडून पडणाऱ्या साध्या कमानीला याने फरक पडत नाही. तुमचे सांधे तिरके असतील, सपाट व्हॉल्ट (कमानीच्या तत्त्वावरचं दगडी छत) असेल, तर पडतो. दगडावर दगडाचा घर्षणांक ०.६ ते ०.७ धरायची पद्धत आहे, पण पॉलिश केलेला आणि ओला दगड तेवढा देईल असं धरून चालू नका, तुमच्याच दगडाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून फळी तिरकी करा आणि कुठल्या कोनात घसरतो ते मोजा. पंधरा मिनिटांचं काम.

जागा शोधणं आणि अर्ज

जाहिरातीत दगड हा शब्द क्वचितच असतो. मेसनरी, स्टिरिओटॉमी (दगड नेमक्या आकारात कापायची विद्या), डिस्क्रीट असेम्ब्ली, कॉम्प्रेशन-ओन्ली, रीयूज, डिजिटल फॅब्रिकेशन, हेरिटेज असेसमेंट, असे शब्द टाकून शोधा. आर्किटेक्चर, सिव्हिल आणि कधी कधी चक्क कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या डिपार्टमेंटमध्येही हेच काम चालतं, ग्राफिक्सवाल्यांनी तर ठोकळ्यांच्या स्थिरतेवर फार चांगलं लिहून ठेवलंय.

अर्धवेळ हवं हे कधी सांगायचं यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत. काही म्हणतात आधी इंटरव्ह्यू होऊ दे. मला ते पटत नाही, पहिल्याच ईमेलमध्ये एका ओळीत लिहा, "मी आठवड्याला इतके तास, अमुक दिवशी काम करू शकतो/शकते", कारण न सांगता. कारण सांगायला लागलात की पुढच्या माणसाला त्यावर मत द्यावंसं वाटतं. ज्याला जमणार नाही तो उत्तरच देणार नाही आणि तुमचे दोन महिने वाचतील.

ईमेलला एक पानाचं प्रपोजल, जास्त नाही. त्यात प्रश्न एक वाक्याचा. मग तुम्ही काय करणार नाही ते दोन ओळीत, हे फार कमी लोक लिहितात आणि वाचणारा तिथे थांबतोच. मग साडेपाचशे तासांचा हिशोब. सुंदर रेंडर टाकू नका, त्याऐवजी एक फोटो टाका, तुम्ही हाताने रचलेल्या मॉडेलचा, पडतानाचा असेल तर अजून छान.

कॉन्ट्रॅक्ट आलं की टक्केवारीबरोबर कॅलेंडरही बघा. २ वर्षांचा निधी ५० टक्क्यांवर घेतला तर तो ४ वर्षं चालणार आहे की २ वर्षांतच संपणार आणि उरलेले पैसे परत जाणार, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, लेखी घ्या. दुसऱ्या देशात जाणार असाल तर वर्क परमिटला किमान तास किंवा किमान पगाराची अट आहे का ते जॉइन व्हायच्या आधी बघा, अर्ध्या पगारात ती अट बसली नाही तर सगळंच फिसकटतं. पीएचडीनंतर अमुक वर्षांच्या आत असे नियम ज्या फेलोशिपला असतात तिथे अर्धवेळाची वर्षं कशी मोजतात ते विचारा. आणि दुसरी नोकरी असेल तर तुम्ही लिहिलेला कोड कोणाचा, हे दोन्हीकडे आधीच स्पष्ट करा, मी नंतर केलं आणि तीन महिने दोन वकिलांच्या मध्ये माझा एक फोल्डर लटकत होता. वर्कशॉपमध्ये मशीन वापरायचा विमा अर्धवेळ स्टाफला लागू आहे का हेही.

आठवडा कसा लावायचा

दिवस सलग घ्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी तुकड्यांची वाटणी कागदावर बरी दिसते पण जॉमेट्रीच्या कामाला डोकं गरम व्हायलाच अर्धा दिवस लागतो. माझं बुधवार दुपारपासून शुक्रवार संध्याकाळपर्यंत होतं. शुक्रवारी चार वाजता नवीन काही सुरू करायचं नाही, फक्त मोठे रन (कॉम्प्युटरवरची लांब चालणारी गणितं) लावायचे आणि चिठ्ठी लिहायची. रन पाच दिवस चालला तरी हरकत नाही, मी नसताना मशीन काम करतंय, अर्धवेळाचा हा एकमेव खरा फायदा. पण रन लावायच्या आधी तोच रन सात ठोकळ्यांवर चालवून बघा. एकदा माझ्या मॉडेलची मापं मिलिमीटरमध्ये आणि घनता किलो प्रति घनमीटरमध्ये होती, बुधवारी येऊन बघतो तर एका दगडाचं वजन एका डोंगराएवढं, आणि पाच दिवस गेले.

चिठ्ठी म्हणजे पाच ओळींची टेक्स्ट फाईल. काय चालू आहे, कुठे अडलंय, पुढची पहिली कृती काय, आणि ती कृती इतकी बारीक लिहायची की विचार न करता करता येईल: "अमुक फाईल उघड, सांधा क्रमांक १४ ची दिशा प्रिंट कर." "विश्लेषण पुढे न्यायचं" असं लिहिलंत तर बुधवारची अख्खी दुपार ते वाक्य समजण्यात जाते.

मीटिंग तुमच्या दिवशी पडत नसेल तर पहिल्याच आठवड्यात बोला. मी बोललो नाही. सोमवारची मीटिंग "फक्त एक तास" म्हणून घरून जॉइन करत गेलो आणि वर्षभरात तो एक तास दुसऱ्या नोकरीच्या सोमवारमधून अर्धा दिवस खाऊन गेला. पन्नास टक्के पगारात सत्तर टक्के काम असंच होतं, कोणी जबरदस्ती करत नाही, आपणच करतो.

टेबलावरचं मॉडेल

दगडी बांधकामात एक मोठी सोय आहे. आकारावर ठरणारी स्थिरता मापावर अवलंबून नसते. जे २० मीटरला उभं राहतं ते २० सेंटिमीटरलाही राहतं, ताकदीचा प्रश्न वेगळा, पण पडणं-न पडणं मॉडेलवर खरं दिसतं. म्हणजे वर्कशॉपचा स्लॉट नसला तरी घरच्या टेबलावर प्रयोग होऊ शकतो, अर्धवेळवाल्याला याहून काय हवं.

थ्रीडी प्रिंट करणार असाल तर इनफिल (ठोकळ्याच्या आतला भराव) शंभर टक्के ठेवा. आतून पोकळ प्रिंट केले की बाहेरचं कवच सगळ्यांना सारख्या जाडीचं येतं, त्यामुळे लहान ठोकळे आकाराच्या मानाने जड आणि मोठे हलके होतात, वजनाची वाटणी बदलते आणि मॉडेल खोटं बोलतं. किंवा साच्यात प्लास्टर ओता. प्लास्टिक गुळगुळीत असतं म्हणून सांध्यांना बारीक पॉलिशपेपर चिकटवा, पण त्याची जाडी मॉडेलमधून वजा करून.

मग कमान एका फळीवर उभी करा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. मोबाईलवर कोन मोजायचं ॲप असतंच, आणि शेजारी स्लो मोशनमध्ये रेकॉर्डिंग लावा. आधी काहीच होत नाही. मग एका सांध्याच्या खालच्या कडेला केसाएवढी फट दिसते, उजेड आरपार येतो, नंतर दुसऱ्या सांध्यात वरच्या कडेला, आणि चौथी बिजागरी उघडली की अख्खी कमान एकदम नाही, घुटमळत, जणू बसायला जागा शोधत असल्यासारखी खाली येते. १२ अंशांना पडली तर टॅन १२ म्हणजे ०.२१, म्हणजे ती गुरुत्वाच्या ०.२१ पट आडव्या त्वरणाला पडते असा त्याचा अर्थ. हाच आकडा तुमच्या सॉल्व्हरमधून काढा. प्रत्यक्षात मॉडेल थोडं आधीच पडतं कारण ठोकळ्यांच्या कडा गोलावलेल्या असतात, पण फरक फार असेल तर कोडमध्ये शोधा. माझ्या पहिल्या पेपरातलं सगळ्यात जास्त विचारलं गेलेलं चित्र म्हणजे ती चार फटींची फ्रेम, बाकी चाळीस प्लॉट कोणी बघितले नाहीत.

खऱ्या दगडाकडे जाताना

कोड लिहायच्या आधी एकदा पाथरवटाला किंवा कटिंग युनिटला भेटून या. मी डिझाईन पूर्ण करून गेलो. त्यांनी ड्रॉइंग बघितलं, दगडावर छिन्नीच्या मागच्या बाजूने टक टक करून आवाज ऐकला, खणखणीत आला म्हणून मान हलवली (आत चीर असेल तर आवाज बद्द येतो) आणि एकच प्रश्न विचारला, "हा उचलायचा कुठून?" अर्धा मीटर बाय ४० बाय ३० सेंटिमीटरचा ठोकळा, घनमीटरला २६०० किलोने १५६ किलो. सगळ्या बाजूंनी तिरका, पकडायला कुठेच जागा नाही. माझ्या ऑप्टिमायझेशनमध्ये सगळं होतं, हात नव्हता.

गाळाच्या दगडाचे थरही मॉडेलमध्ये हवेत. चुनखडी, वालुकाश्म यांना थर असतात आणि कमानीत दगड असा लावतात की दाब थरांना काटकोनात येईल, थरांच्या दिशेने आला तर पापुद्रे सुटतात. म्हणजे प्रत्येक ठोकळ्याला आकाराबरोबर एक दिशा द्यायची आणि मोठ्या ब्लॉकमधून ठोकळे कापायची मांडणी करताना ती सांभाळायची. मग वाया जाणारा माल वाढतो, तो किती वाढतो हाच एक चांगला अर्धवेळ प्रश्न आहे, फुकट देतोय, घ्या.

कापायचा वेळ डिझाईनमध्येच धरतात हे शिकायचं असेल तर २०१६ च्या व्हेनिस बिएनाले या प्रदर्शनातला आर्माडिलो व्हॉल्ट नीट अभ्यासा. ३९९ चुनखडीचे ठोकळे, सळई नाही, चुना नाही, १५ मीटरच्या वर गाळा, आणि सगळ्यात पातळ जागी ५ सेंटिमीटर. पण मला त्यात आवडते ती गोष्ट वेगळीच, ठोकळ्यांची वरची बाजू सपाट ठेवली म्हणजे मशीनवर दगड उलटा करावा लागला नाही, आणि आतल्या बाजूला गोल पात्याने शेजारी शेजारी खाचा मारून मधले पापुद्रे हातोड्याने पाडले, तासून गुळगुळीत करत बसले नाहीत. ते दिसायलाही सुंदर दिसतं. जॉमेट्री एवढी विचारी असेल तर मशीनचे तास वाचतात.

आता माझी चूक. पात्याची जाडी भरून काढायला ठोकळ्याच्या पृष्ठभागाला ऑफसेट द्यावा लागतो. माझ्या मेशमध्ये (पृष्ठभागाच्या जाळीत) काही फेसेसचे नॉर्मल, म्हणजे बाहेरची बाजू कुठली ते दाखवणारे बाण, उलटे होते, स्क्रीनवर काहीच फरक दिसत नाही, पण ऑफसेट बाहेर जायच्या ऐवजी आत गेला. प्रत्येक दगड ३ मिलिमीटर लहान. हातात घेऊन बघितला तर कळणारही नाही. २१ दगड, ६३ मिलिमीटर. सेंटरिंगवर दोन्ही बाजूंनी रचत वर आलो आणि मधला किल्लीचा दगड ठेवला तर तो अडकलाच नाही, सरळ खाली सेंटरिंगच्या लाकडावर जाऊन टेकला. कोणी काही बोललं नाही. क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं तेवढंच ऐकू आलं.

तेव्हापासून माझा नियम असा की पहिले दोनच दगड कापायचे, टेप आणि कॅलिपरने मोजायचे, एकमेकांना लावून सांध्यात कागद सरकतो का बघायचं, शक्य असेल तर स्कॅन करून क्लाउडकम्पेअरमध्ये मूळ मॉडेलवर ठेवायचं, आणि मगच बाकीचे. यात एक आठवडा जातो. जाऊ दे. मशीनवाले कुरकुर करतात कारण त्यांना सेटिंग परत लावावं लागतं, म्हणून हे आधीच ठरवून कोटेशनमध्ये लिहून घ्या.

धूळ. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात सिलिका भरपूर असते, कोरडं कापलं तर ती बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते, सिलिकोसिस बरा होत नाही. पाणी सोडूनच कापायचं आणि योग्य रेस्पिरेटर, कापडी मास्क नाही. "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून ग्राइंडर चालवणाऱ्याला थांबवा, तो सिनिअर असला तरी.

लिहिणं

अर्धवेळात वर्षाला एक चांगला पेपर झाला तर पुष्कळ. मोठा पेपर तीन वर्षं शिजवत बसण्यापेक्षा आधी छोटा, कमानीच्या बेंचमार्कचा आणि मॉडेलच्या तिरपेपणाच्या चाचणीचा कॉन्फरन्स पेपर काढा, आयएएसएस (शेल आणि स्पेशियल स्ट्रक्चर्सची आंतरराष्ट्रीय संघटना) किंवा ॲडव्हान्सेस इन आर्किटेक्चरल जॉमेट्री अशा ठिकाणी, त्याने नेमकी माणसं भेटतात. जुन्या इमारतींचं काम असेल तर एसएएचसी, म्हणजे ऐतिहासिक बांधकामांच्या विश्लेषणाची कॉन्फरन्स. कोड आणि मोजमापं पेपरबरोबरच उघडी ठेवा, उपकार म्हणून नाही, तर तुम्ही जागेवर नसलात त्या अडीच दिवसांत कोणी काही विचारलं तर लिंक देता येते.

सह-लेखकांची यादी आणि क्रम सुरुवातीलाच ठरवा. जो रोज दिसतो त्याचं योगदान सगळ्यांच्या लक्षात राहतं, तुम्ही रोज दिसत नाही.

आणि प्रोटोटाइप उभा राहणार असेल तर शेवटी तो कोण उचलणार हे पैशासकट प्रपोजलमध्ये लिहा. दोन-तीन टन दगड कोणालाच नको असतो. माझे ते २१ तोकडे दगड कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर चार महिने लोडिंग बेमध्ये होते, दर आठवड्याला एक ईमेल यायचा, शेवटी वर्कशॉपच्या एकाने ते मागच्या उतारावर पायऱ्या म्हणून बसवले. पायरीला ३ मिलिमीटर कमी असले तरी चालतं.